त्या गारठ्यातल्या मॅचचं उत्तर

पुलमन, वॉशिंग्टन राज्य
ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि प्रिय आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजला खेळात वाळीत टाकलं होतं, ते मिटलं का?" मी सांगायला लागले, तर बाबांना 'कॉन्फरन्स'चं 'कॉन्फिडन्स' ऐकू आलं, आईने मध्येच मटकीला मोड येत नाहीत म्हणून सांगितलं, आणि मग कुकरची शिट्टी झाली. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. कानाचं मशीन कपाटात ठेवून ऐकू येत नसतं बाबा, हे जाता जाता.

शिवाय तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तीन वर्षं राहिलंय.

२०२२च्या नोव्हेंबरात तुम्ही दोघं इथे होतात आणि आपण ॲपल कप बघायला गेलो होतो. आमची वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध सिअ‍ॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. बाबांच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर ह्यांचा कोट, डोक्यावर ती लाल टोपी. आईच्या मांडीवर ब्लँकेट. पहिला आक्षेप बाबांचा: "ह्याला फुटबॉल का म्हणायचं? पाय लागतोय कुठं चेंडूला?" कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाचा हा आक्षेप मला मान्यच आहे. आई म्हणाली, "एवढी माणसं इथं, ह्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतंय?" आणि मग बाबांनी खरा प्रश्न विचारला. "दुपारी एवढं ऊन होतं, मग रात्रीच्या गारठ्यात मॅच कुणी ठेवली?" मी "असंच असतं" म्हणून टाळलं. थोड्या वेळाने खेळ थांबला, सगळे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारलंत, "कुणाला लागलं काय?"

कुणाला लागलं नव्हतं. टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. मैदानाच्या कडेला एक माणूस त्याच कामाला असतो. जाहिराती संपेपर्यंत पंच खेळ सुरू करत नाहीत. हजारो माणसं थंडीत कुडकुडत होती, आणि खेळ थांबला होता सोफ्यावर बसलेल्यांसाठी. मॅच रात्रीची ठेवली तीही त्यांच्याचसाठी. पूर्वेकडच्या मॅचेस आटपल्या की चॅनेलला रात्रीची उरलेली वेळ भरायची असते. घड्याळामुळे ती वेळ आम्हा पश्चिमवाल्यांच्या वाट्याला येते. इथे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला साडेदहा. म्हणजे आम्ही गारठायचं, आणि निम्मा देश झोपलेला असल्यामुळे बघणारेही कमीच. पुढे भाव ठरवताना हेच चॅनेलवाले म्हणतात, तुमचे सामने फारसं कुणी बघत नाही. त्या रात्री आम्ही ५१–३३ हरलो ते वेगळंच.

बाबा, तुमचा जन्म कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेला, म्हणून पुढचं खटल्यापासूनच सांगते. (हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून तुम्ही रोज कोर्टाकडे चक्कर मारता, असं आईने सांगितलंय. गुडघ्याला विचारून जात जा.)

इथल्या कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाच्या संस्थेचा अंमल. कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची हेही तीच ठरवायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नियम असा होता की एका कॉलेजची टीम दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर दिसणार. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही बडी कॉलेजं कोर्टात गेली. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला की ही मक्तेदारी आहे, बेकायदा आहे. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो कॉलेजचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. त्यांचं म्हणणं, अशाने कॉलेजचा खेळ धंदा होऊन बसेल. कायद्याने बहुमत बरोबर असेल, पण आज मला तो अल्पमतातला म्हातारा जवळचा वाटतो.

निकालानंतर सामने विकायचा हक्क कॉलेजांकडे आला आणि ती गटागटाने विकू लागली. गट म्हणजेच कॉन्फरन्स. आपल्याकडे आयपीएलचे हक्क एकटं बोर्ड विकतं, २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे ४८,३९० कोटी. इथे तसा एक मालकच नाही. प्रत्येक कॉन्फरन्स आपलं दुकान वेगळं मांडते. मूळ कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या कॉलेजांनी सोयीसाठी केलेली संघटना. पोरांनी रेल्वेने जावं, खेळावं, सोमवारी वर्गात बसावं. आमची कॉन्फरन्स पॅक-१२ आपला वारसा १९१५पर्यंत नेते. टीव्हीचा पैसा आल्यावर शेजार हा निकषच मागे पडला. कुठलं कॉलेज घेतलं तर किती घरं पदरात पडतात, एवढंच उरलं.

'घरं' हा शब्द अगदी खरा आहे. केबलवाला तुम्हाला न मागता पन्नास चॅनेलचा पॅक चिकटवतो ना, तसंच इथे. चॅनेल बघा न बघा, बिलात त्याचे पैसे असतातच. २००७ साली बिग टेन या कॉन्फरन्सने फॉक्स या टीव्ही कंपनीला धरून स्वतःचं चॅनेल काढलं. ज्या राज्यात आपलं कॉलेज असेल तिथल्या घरांमागे चॅनेलला जास्त पैसे मिळतात. मग २०१४मध्ये त्यांनी न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलँड ही कॉलेजं घेतली. फुटबॉलमध्ये दोघांचा फार दबदबा होता असं नाही; पण एक न्यूयॉर्कच्या अंगणात, दुसरं राजधानीच्या. आज बिग टेनमध्ये अठरा कॉलेजं आहेत. नाव दहाचंच.

आमच्याकडेही पैसा आला तेव्हा कुणी कुरकुर केली नव्हती, हे कबूल करायला हवं. २०११ साली पॅक-१२ने ईएसपीएन आणि फॉक्सशी बारा वर्षांचा तीन अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा तो देशात सगळ्यांत मोठा होता. स्वतःचं चॅनेलही काढलं, तेही कुणाला भागीदार न घेता. ते कधी धड चाललं नाही. एका मोठ्या डिशवाल्याने ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही. इकडे त्या पैशाच्या भरवशावर स्टेडियमची डागडुजी झाली, खेळाडूंसाठी नवी इमारत झाली, आणि कर्ज डोक्यावर बसलं. आई, तू म्हणतेस ना, पगार हातात यायच्या आधी सोनाराकडे जाऊ नये.

मग २०२२च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही बडी कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनकडे निघाली. तुम्ही मॅच बघितलीत तेव्हा हे घडून गेलं होतं, पण मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांचा सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. बिग ट्वेल्व्ह नावाच्या दुसऱ्या गटाने घाई करून आपला सौदा पक्का केला, प्रत्येक कॉलेजला वर्षाला तीन कोटी डॉलरच्या वर. आमचे लोक चांगल्या भावाची वाट बघत बसले. शेवटी फोनवाल्या ॲपल कंपनीचाच प्रस्ताव हातात उरला: नक्की रक्कम कमी, बाकी किती लोक वर्गणी भरतात त्यावर.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. इथे गव्हाची कापणी चालू होती, टेकड्यांवर धूळ उडत होती. मी शेतातून मातीचे नमुने घेऊन परतले आणि लॅबमध्ये सगळे फोनकडे बघत उभे. सकाळी त्या ॲपलच्या करारावर एकमत व्हायचं होतं. त्याऐवजी वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला गेले, तेही सुरुवातीला अर्ध्या वाट्यावर. ॲरिझोनाची दोन कॉलेजं आणि युटा बिग ट्वेल्व्हला, जिथे कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलं होतं. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं अटलांटिकच्या संघटनेत! बाराची दोन राहिली: ओरेगन स्टेट, जे १९१५च्या मूळ चौघांतलं, आणि आम्ही.

आमच्यात खोट काय होती? बाबा, पुलमन तुम्ही पायी फिरला आहात. गावात जेवढी माणसं, जवळजवळ तेवढ्याच स्टेडियममध्ये खुर्च्या. चहूकडे गहू, मसूर, छोले. सिअ‍ॅटल साडेचारशे किलोमीटरवर. टीव्हीच्या हिशेबात आम्ही स्पोकेन या जवळच्या शहराच्या बाजारात मोडतो आणि तो बाजार लहान. टीम कशी खेळते, लोक किती तळमळीने येतात, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. गंमत म्हणजे ईएसपीएनचा शनिवार सकाळचा जो मोठा कार्यक्रम असतो, तो देशात कुठेही असो, २००३पासून तिथल्या गर्दीत आमच्या कॉलेजचा झेंडा फडकतो. माजी विद्यार्थी एकमेकांकडे तो पाठवत राहतात. आमची मॅच नसली तरी झेंडा टीव्हीवर असतोच.

हे कोल्हापुरात कसं दिसेल? उद्या कुणी येऊन पाटाकडीलच्या फुटबॉल टीमला म्हणालं, इथल्यापेक्षा कोलकात्यात बघणारे जास्त, तिकडे खेळा. खंडोबाला गोव्यात धाडलं, दिलबहारला केरळात. आणि शाहू स्टेडियमची किल्ली एकट्या शिवाजी तरुण मंडळाच्या हातात ठेवली. मॅच कुणाशी खेळायची, आणि भांडण तरी कुणाशी करायचं?

किल्लीचं मात्र खरंच तसं झालं, आणि हा भाग तुम्हाला आवडेल. जाणारे दहाजण शेवटचं वर्ष अजून संघटनेतच होते. त्यांना बैठकीत मत द्यायचं होतं, म्हणजे शिल्लक पैशांवरही हात. आमच्या दोघांनी इथून जवळच्या कोलफॅक्सच्या काउंटी कोर्टात दावा लावला. म्हणणं साधं: नियमाप्रमाणे जो सोडून जायची नोटीस देतो त्याची कार्यकारिणीवरची जागा जाते, आणि लॉस एंजेलिसवाले निघाले तेव्हा तुम्हीच त्यांना बैठकीतून वगळलं होतंत ना? नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी आमच्या बाजूने मनाई हुकूम दिला. डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. कोलफॅक्सचं ते कोर्ट तुम्हाला दाखवायचं राहिलं. पुढच्या वेळी.

म्हणजे वाळीत टाकलं हे तितकंसं बरोबर नाही. भाऊबंद सगळे घर सोडून गेले आणि रिकामा वाडा आमच्या नावावर राहिला. आता भाडेकरू मिळालेत: पुढच्या जुलैपासून बॉयसी स्टेट, सॅन दिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल न खेळणारं स्पोकेनचं गोन्झागा. पाटी जुनीच, पॅक-१२. टीव्हीचा करारही झाला आहे, पण पूर्वीच्या मानाने लहान.

गेलेल्यांचंही सगळं सुखाचं नाही. फुटबॉलच्या पैशासाठी घर बदललं, पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनाही आता लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला खेळायला जावं लागतं. त्यांच्या मॅचेस बघायला चॅनेल फार उत्सुक आहे असंही नाही. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा. यूसीएलएच्या जाण्याने बर्कलीचं नुकसान झालं म्हणून यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असं विद्यापीठाच्या मंडळानेच ठरवलं. लोक त्याला पोटगी म्हणतात.

आणि ज्या पोरांच्या हाडांवर हे सगळं उभं आहे, त्यांना इतकी वर्षं कॉलेजकडून शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. यंदा जूनमध्ये एका मोठ्या दाव्यात तडजोड मंजूर झाली आणि जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपास मर्यादा. हे व्हायलाच हवं होतं. पण ज्याच्याकडे टीव्हीचा पैसा आहे तोच मर्यादेपर्यंत देणार, आणि बाकीचे कुठेतरी कात्री लावणार. इथे ती ॲथलेटिक्सला लागली. उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले. संध्याकाळी मी फिरायला जाते त्या रस्त्यावरून भालाफेकीचा सराव दिसायचा, तुम्ही एकदा थांबून बघत बसला होतात.

ॲपल कप मात्र चालू ठेवलाय, पाच वर्षांचा वेगळा करार करून. आता तो नोव्हेंबरात नसतो, सप्टेंबरात असतो. म्हणजे तुमची थंडीची तक्रार मिटली. गेल्या वर्षी सिअ‍ॅटलला जाऊन आम्ही २४–१९ जिंकलो. त्या रात्री गावात कुणी झोपलं नसेल. यंदा २० सप्टेंबरला इथे झाली, ५९–२४. कोण हरलं ते विचारू नका.

आई, फराळाचं पार्सल पाठवायची धडपड करू नकोस, कस्टमवाले चकल्यांचा भुगा करतात. भाजणीचं प्रमाण तेवढं लिहून पाठव. आणि मटकीचं म्हणशील तर ती जुनी असणार, दुकान बदल. इथली मसूर दोन किलो बाजूला काढून ठेवली आहे, कुणी येणारं मिळालं की धाडते.

बाबा, ती लाल टोपी घालून तुम्ही रंकाळ्यावर जाता आणि लोक विचारतात कुठल्या पक्षाची, हे ऐकून ह्यांना हसू आवरेना. धुताना गरम पाणी घेऊ नका, रंग जातो.

तुमची,
थोरली