घिरट्यांचा जाब टॉवरला कशाला?

महोदय,

उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचा, विमानतळ सुरू झाल्यापासून आकाशात फिरत राहणाऱ्या विमानांबद्दल वाचकांच्या तक्रारी छापून येतात आणि खापर हमखास विमानतळाच्या नियंत्रण टॉवरवर फुटते. टॉवरच्या काचेतून बघणाऱ्या नियंत्रकाच्या ताब्यात धावपट्टी आणि भोवतालचे काही मैल, एवढेच असते.

निघणाऱ्या विमानाला मार्ग, सुरुवातीची उंची आणि चार आकडी स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा क्रमांक) क्लिअरन्स डिलिव्हरी या, उड्डाणाची परवानगी कळवणाऱ्या नियंत्रकाकडून मिळतो. पुशबॅक (विमान मागे ढकलणे) आणि टॅक्सी (जमिनीवरून चालवत नेणे) ग्राउंड नियंत्रकाकडे. मात्र वाटेत चालू धावपट्टी ओलांडायची तर टॉवरची मंजुरी लागतेच. उड्डाणानंतर विमान आधी अ‍ॅप्रोचकडे (विमानतळाच्या आसपासच्या आकाशाचा नियंत्रक), मग एरिया कंट्रोलकडे (दूरच्या मार्गांचा नियंत्रक) जाते. हे दोघे रडारच्या पडद्यासमोर बसतात, त्यांना प्रत्यक्ष विमान दिसतही नाही.

उतरणाऱ्यांची रांग लावतो तो अ‍ॅप्रोच. दोन विमानांत साधारण ३ सागरी मैल किंवा उंचीत १,००० फूट अंतर हवे. पुढे अवजड विमान आणि मागे मध्यम असेल तर ५ मैल, कारण पंखांमागे उठणारे हवेचे भोवरे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे जोडीने वापरण्याची सोय नाही. त्यात उलवे तिथून सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास, उतरत्या जेटला काही मिनिटे. दोन्ही रांगा एकमेकींकडे बघूनच लावाव्या लागतात. पावसात एखाद्याने गो-अराउंड घेतला (न उतरता पुन्हा वर गेला) की त्याच्यासाठी रांगेत नवी फट काढायची आणि मागच्यांना थोपवायचे. होल्डिंगची, म्हणजे ठरलेल्या जागी थांबून घालायच्या घिरट्यांची, एक फेरी साधारण चार मिनिटांची. नेरूळवरून दिसतात ती बहुतेकदा होल्डिंगची विमाने नसतातच, अंतर राखायला दिलेली वळणे असतात.

८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरे उतरले. तो प्रश्न मात्र टॉवरचाच.

खरी भीती सांध्यांची. एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे विमान सोपवताना वैमानिक चुकीची फ्रिक्वेन्सी लावतो, रीडबॅकमधला (वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवण्यातला) चुकलेला आकडा कोणाच्या कानाला खटकत नाही. वर्दळ कमी असताना पोझिशन (नियंत्रकांच्या कामाच्या जागा) एकत्र करून एकाकडे देतात. तशी ती नेहमीची पद्धत आहे, पण १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमाने धडकून ७१ जण गेले, तेव्हा झुरिकमध्ये एकच नियंत्रक दोन पडदे आणि दोन फ्रिक्वेन्सी सांभाळत होता. त्यातच देखभालीसाठी मुख्य फोनयंत्रणा बंद होती.

विमानतळ कोणाही कंपनीचा असो, इथले नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. तेव्हा आपल्या वार्ताहराने पुढच्या वेळी प्राधिकरणालाच विचारावे, तक्रारीच्या तासाला अ‍ॅप्रोचच्या किती पोझिशन चालू होत्या आणि कोणत्या एकत्र केल्या होत्या?

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई