पडलेल्या केळीची मुळं कोण पाहतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात वादळानं आडव्या झालेल्या केळीच्या बागेचा फोटो पाहिला. नुसत्या वाऱ्यानं पडलेलं झाड बहुधा कमरेत मोडतं. फोटोतलं झाड कंदासकट उपटून आलंय आणि कंदाला मुळं जवळपास नाहीतच. ते बघून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी राहते मानेवाड्याला, शेत वर्धा जिल्ह्यात केळझरजवळ, पावणेदोन एकर केळी. मागच्या मे महिन्यात माझीही निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, झाडं अशीच गेली, तीही साध्या वावटळीत. पंचनाम्यात 'वादळी वारा' लिहिलं गेलं. मी एक मूळ उभं चिरून पाहिलं. वरून धड दिसणाऱ्या मुळाच्या आत लालसर-तपकिरी पट्टे, आणि बारीक मुळांवर गाठी, वांग्याच्या मुळांवर येतात तशा. कृषी महाविद्यालयात दाखवलं तेव्हा कळलं, दोन प्रकारचे सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे धाग्यासारखे बारीक कृमी, एकत्र आहेत: एक मुळाच्या सालीत बोगदे करणारे, दुसरे गाठी करणारे. लांबी मिलिमीटरभरही नाही. मी तोवर दोन हंगाम झाडं पिवळी पडतात म्हणून युरियाच टाकत होते.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे जमीन आरोग्य पत्रिका आहे. २०१५ पासूनच्या या योजनेत नत्र-स्फुरद-पालाशपासून बोरॉनपर्यंत बारा गोष्टी तपासतात. सूत्रकृमी त्यात नाहीत. नुसता एक रकाना वाढवूनही भागणार नाही, कारण त्या पत्रिकेसाठी माती सावलीत वाळवून द्यावी लागते, आणि सूत्रकृमी मोजायला ते जिवंत पाहिजेत. त्यासाठी बुंध्याजवळची वीतभर खोलीची ओलसर माती, सोबत थोडी मुळं, प्लास्टिकच्या पिशवीत, ऊन लागू न देता पोचवावी लागते. म्हणून कृषी विभागाला विनंती, की केळी लावणाऱ्याकडून लागवडीआधी ही दुसरी पिशवी घ्यावी. आणि पंचनाम्याच्या वेळी निदान चार-पाच झाडांची मुळं चिरून पाहावीत.

दुकानदाराचं उत्तर एकच: दाणेदार औषध. त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं, तर 'मग हे दुसरं घ्या'. मी घेतलं नाही. ते दरवर्षी टाकावं लागतं आणि आमची विहीर बागेच्या कोपऱ्यातच आहे.

त्याऐवजी आजारी तुकडा उपटून ताग पेरला, फुलावर येताच गाडला, मग दाट झेंडू लावला. झेंडूच्या मुळांतून सुटणारं द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं, शिवाय दसऱ्याला सीताबर्डीच्या फुलबाजारात दोन पैसे सुटले ते वेगळे. पण झेंडू विरळ लावला आणि तण माजू दिलं, तर तणांच्या मुळांवरच सूत्रकृमी तग धरून राहतात. सूत्रकृमी लागवडीच्या मुनव्यांतून, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांतूनही येतात, म्हणून नव्या मुनव्यांचे कंद पांढरे दिसेपर्यंत तासले आणि ५५ अंशाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवले. अंगणात मोठं पातेलं, हातात थर्मामीटर. शेजारचा पोरगा विचारायला आला, "काकू, मुनव्यांले आंघोळ घालून राहिल्या काय?" खड्ड्यात निंबोळी पेंड टाकली. टोमॅटो, वांगी, भेंडी केळीत आंतरपीक म्हणून घेणं बंद केलं, गाठीवाल्यांना ती फार आवडतात. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं स्वच्छ असतात हे खरं, पण तीही लावायची याच मातीत.

आमच्या वर्धा जिल्ह्यातला सेलू-पवनारचा पट्टा एकेकाळी केळीचा होता. तिथली बाग का मोडली याची कारणं पुष्कळ सांगतात: पाणी, भाव, मजूर. मुळाचं कोणी बोलत नाही.

जमल्यास माझं नाव छापू नये. ज्यांच्या बागेतून मी ते पहिले मुनवे आणले, ते माझे सख्खे दीर आहेत आणि आपलाच पेपर वाचतात.

– एक केळी उत्पादक, मानेवाडा, नागपूर