सध्या काय वाचते आहे: सरांना आभाराचे खुले पत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

हे पत्र मी आपल्याला खाजगीत पाठवले असते, तर आपण त्यातील आभाराचा मजकूर ओलांडून थेट ‘पुस्तक कुठवर आले?’ असे विचारले असते, याची मला पक्की खात्री आहे. म्हणून ते चारचौघांत लिहीत आहे. इथे निदान दोन ओळी तरी आपल्याला ऐकून घ्याव्या लागतील.

पुस्तक वाचून संपले की ‘कसे वाटले?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. तोवर आपले मत घासूनपुसून तयार झालेले असते आणि त्यात थोडे इतरांचेही मिसळलेले असते. आपण मात्र नेहमी मध्येच गाठलेत. ‘सध्या काय वाचते आहेस, कितव्या पानावर आहेस, आणि तिथे काय वाटले?’ एवढेच आपण विचारता. सारांश सांगायचा नाही, प्रस्तावनाकाराचे मत आपले म्हणून खपवायचे नाही, आणि कंटाळा आला असेल तर तो कोणत्या पानापासून आला हे लिहायचे, या आपल्या अटी. पुढे काय येणार आहे हे ठाऊक असूनही आपण कधी त्याचा सुगावा लागू दिला नाहीत. या सवयीने माझ्या वाचनाचे काय झाले हे सांगायला सध्या हाती असलेले पुस्तकच पुरेसे आहे.

आपल्याच कपाटातून आणलेले हे पुस्तक म्हणजे चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर लिहिलेला, 1881 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अखेरचा ग्रंथ. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले. जगभर कीर्ती झालेल्या माणसाने आयुष्याच्या शेवटी गांडुळांना ऐकू येते का, याचा शोध घेत बसावे, याचे मला पहिल्याच प्रकरणात हसू आले आणि तसेच मी आपल्याला कळवले. कुंड्यांमध्ये पाळलेल्या गांडुळांजवळ त्यांनी धातूची कर्कश शिट्टी वाजवून पाहिली, बासून या खर्जातल्या फुंकवाद्याचे मोठ्यात मोठे सूर काढून पाहिले, शेजारी पियानो जोरात वाजवला, गांडुळे ढिम्म. मग त्याच कुंड्या उचलून पियानोवर ठेवल्या आणि खालचा एक स्वर वाजवला, तेव्हा गांडुळे तत्काळ बिळात शिरली. आवाज त्यांना कळत नव्हता, कंप कळत होता. आपले उत्तर एका ओळीचे होते: ‘हसू नेमके कोणत्या वाक्याला आले ते पाहा.’ मी मागे जाऊन पाहिले, तर हसू आणणारे असे एकही वाक्य तिथे नव्हते. डार्विन सगळे सरळ, गंभीरपणे सांगतात; विनोद माझ्या मनातल्या थोर शास्त्रज्ञाच्या चित्रामुळे निर्माण झाला होता. हे मला एरवी समजले नसते.

खरी गंमत आली ती कागदाच्या त्रिकोणांपाशी. गांडुळे बिळाचे तोंड बुजवण्यासाठी पाने आत ओढतात. ती कशीही ओढतात की सोयीच्या टोकाने, हे तपासण्यासाठी डार्विन यांनी लिहिण्याच्या कागदाचे लांबट त्रिकोण कापले आणि दवापावसाने ते लिबलिबीत होऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कच्ची चरबी चोळली. एकूण 303 त्रिकोणांपैकी 62 टक्के अणकुचीदार टोकाने आत ओढले गेले होते. मी भारावून जाऊन आपल्याला लिहिले की, गांडुळांना अक्कल असते हे सिद्ध झाले. आपण विचारलेत, ‘उरलेल्या 38 टक्क्यांना काय झाले?’ आधी मला हा प्रश्न खवचट वाटला. पण त्यामुळे तीच पाने पुन्हा उघडली आणि दिसले की डार्विन यांनी त्या त्रिकोणांचाही हिशेब दिला आहे: 15 टक्के मधून आणि 23 टक्के रुंद बाजूने ओढलेले. इतकेच नव्हे, तर गांडुळांनी आधी रुंद बाजू धरून पाहिली आणि जमले नाही म्हणून टोकाकडे वळली, असे तर नाही ना, ही शंकाही त्यांनी घेतली आहे; त्यासाठी टोकाने ओढलेल्या त्रिकोणांच्या रुंद बाजू चुरगळल्या किंवा मळल्या आहेत का, हे तपासले आणि त्या बहुतांशी स्वच्छ आढळल्या. मी ज्या निष्कर्षावर उडी मारून पोहोचले होते, तिथे ते पायरी पायरीने आले होते. अक्कल असते, हे माझे मत कायम आहे. पण आता ते मला कारणांसह मांडता येते.

तिसऱ्या प्रकरणातील चराचा प्रसंगही असाच. 1842 च्या डिसेंबरमध्ये घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले गेले होते. ते जमिनीत किती खोल जातात हे पाहण्यासाठी 1871 मध्ये तिथे चर खणला, तेव्हा पृष्ठभागापासून सुमारे 7 इंचांवर पांढऱ्या तुकड्यांची ओळ लागली. गांडुळे खालची माती वर आणून टाकत राहिली आणि तुकडे त्याखाली गाडले गेले. 29 वर्षे वाट पाहण्याच्या चिकाटीबद्दल मी पानभर लिहिले. आपण त्यावर कौतुकाचा शब्द न काढता विचारलेत, ‘त्या 29 वर्षांत हा माणूस आणखी काय करत होता?’ मी हिशेब मांडला. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा पहिला कच्चा आराखडा त्यांनी 1842 मध्येच पेन्सिलीने लिहिला, त्या सिद्धान्तावरचा ग्रंथ 1859 मध्ये आला, मानवाच्या उत्पत्तीवरचा 1871 मध्ये, आणि एवढा सगळा काळ ते तुकडे इंच इंच खाली जात होते. गांडुळांच्या या कामावरील त्यांचा पहिला निबंध तर 1837 मधला. चिकाटी हा शब्द मला तेव्हा अपुरा वाटला. त्याऐवजी कोणता वापरावा, हे अजून सुचलेले नाही.

प्राचीन इमारती जमिनीत कशा गाडल्या जातात, हे सांगणारे प्रकरण मात्र रटाळ आहे. रोमन अवशेषांची मोजमापे एकामागून एक येत राहतात. आपल्या अटीप्रमाणे कंटाळा सुरू झाल्याचे पान कळवले, आपण आपली बाजू मांडलीत, आणि माझे मत आजही बदललेले नाही. आपल्याशी असे मोकळेपणाने असहमत होता येते, हीदेखील आभार मानण्याजोगीच गोष्ट आहे.

डार्विन स्वतः कसे वाचत, हे मी मध्यंतरी शोधून काढले. वाचताना ते समासात खुणा आणि शेरे करत, शेवटी खुणा केलेल्या पानांची यादी लिहीत, आणि पुस्तक फार जड असेल तर हाताळायला सोपे जावे म्हणून सरळ दोन तुकडे करत. (आपली प्रत अखंड आहे. काळजी नसावी.) 1838 पासून 1860 पर्यंत त्यांनी वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या नोंदवह्या ठेवल्या होत्या. मीही आता आपल्याला पाठवलेल्या प्रत्येक टिपणाची नक्कल एका वहीत ठेवते. जुनी टिपणे वाचताना पुस्तक तर आठवतेच, पण त्या पानावर मी काय समजून चालले होते, हेही आठवते.

सध्या मी शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आहे. प्रास्ताविकात डार्विन यांनी एका टीकाकाराचा उल्लेख केला आहे. एवढ्या दुबळ्या आणि लहान जीवांकडून इतके प्रचंड काम होणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. सतत घडणाऱ्या लहान कारणांची बेरीज माणसांना करता येत नाही, असे डार्विन यांनी त्यावर म्हटले आहे. माझी शंका अशी की, ही बेरीज त्यांनी स्वतः सगळीकडे निःशंकपणे केली आहे का, कारण मोजक्या शेतांवरच्या मोजणीवरून ते फार दूरपर्यंत जातात. शेवटच्या प्रकरणात उत्तर असेल तर सांगू नये. मी वाचून कळवीन.

एक विनंती आहे. इतक्या पत्रांत आपण स्वतः काय वाचत आहात, हे एकदाही लिहिलेले नाही. पुस्तकाचे नाव, पान आणि तिथे काय वाटले, एवढे कळवावे. सारांश नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक विद्यार्थिनी