पुलाला छप्पर

ती. आप्पा आणि आई,
सा. न.

रविवारी इथे अमेरिकेतच व्हरमाँट राज्यात जाऊन आलो, आणि तेव्हापासून आप्पा तुम्हालाच लिहायचं डोक्यात आहे, कारण तिथे अख्खे लाकडाचे पूल आहेत आणि त्यांना घरासारखं छप्पर. मला आधी वाटलं बर्फासाठी असेल, पण नाही, पाऊस आत जाऊन सांधे कुजू नयेत म्हणून. उघडा लाकडी पूल पंधरा-वीस वर्षांत जातो, छपराखालचा शंभर-दीडशे वर्षं टिकतो. वरचं छप्पर आणि बाजूच्या फळ्या सडल्या की तेवढ्याच बदलायच्या, मुख्य लाकूड कोरडंच.

तिथल्या बार्टन्सव्हिल गावचा पूल सॅनफर्ड ग्रेंजर म्हणून एकाने बांधलेला. 1869 च्या पुरात विल्यम्स नदीने पात्रच बदललं म्हणून 1870 ला हा बांधावा लागला, 151 फूट लांब. आणि 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळात त्याच नदीने काठचा आधार खाल्ला आणि पूल आख्खा पाण्यात गेला. तो व्हिडिओ मी बघितलाय, एका क्षणात गेला हो, पोटात कालवलं. पण गावाने सिमेंटचा नाही बांधला, परत लाकडाचाच, तसाच तिरक्या फळ्यांच्या जाळीचा, छपरासकट, फक्त थोडा लांब म्हणजे पाण्याला जागा मिळेल. जानेवारी 2013 ला सुरू झाला. मला ते फार आवडलं.

जवळच ग्रेंजरचाच वॉरल पूल आहे, 1868 च्या सुमाराचा, तो आयरीनच्या पुरात टिकला. त्यात आत जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना साध्या फळ्या तिरक्या एकमेकींवरून टाकलेल्या, आपल्या कुडासारख्या, आणि जिथे जिथे एकमेकींवर येतात तिथे लाकडी खुंट्या ठोकलेल्या. दीड-दोन इंच जाड. एकीवर बोट फिरवलं तर टोक हाताने तासल्यासारखं, तुमच्या वाकसाच्या खुणा असतात ना तस्सं. ही जाळीची पद्धत टाउन नावाच्या माणसाने 1820 मध्ये पेटंट केली, मोठ्या तुळया लागतच नाहीत म्हणून गावोगावच्या सुतारांना जमली.

पर्‍यावरचा साकव तुम्ही पोफळीचे सोट टाकून करायचात, काथ्या कसा आवळायचात ते मला आता नीट आठवत नाही. यंदा पावसाआधी बांधाल तेव्हा दादाला फोनवर शूटिंग करायला सांगा, सगळं, पहिल्या सोटापासून. बोलत बोलत करा.

आईला म्हणावं कोकम पोचले.

तुमचा,
बाळू