साऊंडवाल्या दादांना, एका कॅसेटीबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

२००१ सालची आमच्या गावची जत्रा. कणकवलीपासून जवळच गाव, देवळासमोर डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठरलेली. बुवा यायचे होते. मी मंडपाच्या कोपऱ्यात पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत बसलो होतो आणि तुम्ही बॉक्स तपासायला कॅसेट लावलीत. तबला ऐकू आला म्हणून मान वर केली. पण सोबत पेटी नव्हती. खाली बास गिटार घुमत होती, बाजूला ड्रम, आणि वर कुठल्याशा अनोळखी भाषेतली आळवणी. माझी कणीक तशीच सुकली, ती पुन्हा मळावी लागली.

"खयचे हे?" मी विचारलं. "दिल्लीचे. इंडियन ओशन बँड." पहाटे वायरी गुंडाळताना तुम्ही कॅसेट माझ्या हातात दिलीत. "घेवन जा. फुडच्या जत्रेक परत हाड."

दादा, तेव्हा मी पखवाज सोडायच्या बेतात होतो. बरोबरीची मुलं बँजो पार्टीत गेली होती आणि भजन म्हणजे म्हाताऱ्यांचं, असं मलाही वाटायला लागलं होतं. त्या कॅसेटीने ते डोक्यातून काढलं. त्यातलं 'कंदिसा' म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या देवळासमोर चर्चमधली प्रार्थना वाजली होती आणि ती तिथलीच वाटली होती! 'माँ रेवा' हे नर्मदेचं लोकगीत, बास वाजवणारे राहुल राम नर्मदा आंदोलनात होते तिथून बँडमध्ये आलेलं. ज्यांनी हा बँड ऐकला नाही त्यांना मी याच गाण्यापासून सुरुवात करायला सांगतो.

मला सगळ्यात जास्त दिलं ते असीम चक्रवर्ती यांनी. ते तबला वाजवता वाजवता गायचे. आमच्यात बुवा पेटीवर गातात, पखवाजी वेगळा. मी घरी करून पाहिलं. गजर चढला की हात आवाजाच्या मागे धावायचा, नाहीतर आवाज हाताच्या. ते जमायला मला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत पखवाज सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. २००९ च्या डिसेंबरात असीमदा गेले. पुढे बँडमध्ये त्यांच्या जागी दोघे आले, गायला हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहिन चक्रवर्ती.

पुढच्या जत्रेला मी कॅसेट घेऊन आलो होतो. पण साऊंड दुसऱ्याच कुणाचा होता. तुमचं नाव मी विचारलंच नव्हतं.

मी अजून वाजवतो, दादा. गावातली चार मुलं शिकायला येतात. कॅसेट माझ्या कपाटात पखवाजाच्या खोळीशेजारी आहे, चांगली वाजते. तुमचे मनापासून आभार. कधी आमच्या बाजूला साऊंड लावायला आलात, तर देवळाकडे विचारा, पखवाजवाल्याचं घर कुणीही दाखवील. तुमची कॅसेट तुम्हाला परत द्यायची आहे.

तुमचा,
कोपऱ्यात कणीक मळणारा मुलगा