मोर्चातल्या अनोळखी मंडळींचे आभार

परवाच्या मोर्चात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वय ७२, गुडघे कुरकुरणारे, हातात फलक. तेव्हा एक मुलगी भर रस्त्यात उकिडवी बसली, केसातली पिन काढली आणि अंगठा अडकवून दिला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बाळा, मनापासून आभार. पिन अजून चपलेतच आहे.

"आजी, फलक मी धरू?" विचारणाऱ्या निळ्या केसांच्या मुलाचेही आभार. मी नको म्हटल्यावर त्याने तो ओढून घेतला नाही. नुसता शेजारून चालत राहिला, माझ्या चालीने. खरं सांगते, त्याला बघून 'हा फोटो काढायला आलाय' असंच वाटलं होतं. म्हाताऱ्यांबद्दल लोक ठोकताळे बांधतात म्हणून आम्ही कुरकुरतो, आणि आमचे ठोकताळे हे असे!

"या वयात घरी बसावं" म्हणणारे एक गृहस्थही भेटले. ६५व्या वर्षी सक्तीने निवृत्त केल्यावर मॅगी कून यांनी १९७०मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या हक्कांसाठी 'ग्रे पँथर्स' चळवळ उभी केली. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया १९७७पासून चौकात जमू लागल्या. पोलिसांनी "थांबू नका" म्हणून दटावलं, तर त्या दोघी-दोघींनी फेऱ्या मारू लागल्या. कित्येक जणी चालता चालताच म्हाताऱ्या झाल्या. हे सगळं त्या गृहस्थांना ऐकवायचं होतं, पण दम लागला होता.

न विचारता पाण्याची बाटली पुढे करणाऱ्या ताई, पुढच्या वेळी दिसलात तर हाक मारा. मी चष्मा बदललाय.