सुन्या, आधी व्हर्निअर आण

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर म्हणालास, "पोलोला अलॉय चाकं टाकतोय, दुकानदार म्हणतो रिंगा-बिंगा काही लागत नाहीत." तेव्हाच बोलणार होतो, पण तू इतक्या खुशीत होतास की गप्प बसलो. माझ्या होंडा सिटीनं चार महिने काय छळलं ते वाच आणि मगच पैसे दे.

अलॉय घातले त्याच आठवड्यात पुण्याला निघालो. किणीचा टोलनाका मागं पडला, काटा नव्वदवर गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. ऐंशीला आणलं की शांत. बाबा शेजारी बसलेले, म्हणाले, "गाडीला हिवताप आलाय काय रे?" परत आल्यावर बॅलन्सिंग केलं. मशीनवर चारही चाकं शून्य, हायवेवर पुन्हा तोच ताप. तीनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, आणि दर वेळी दुकानदाराचं एकच: "चालतंय हो, रस्ताच तसा आहे."

शेवटी मीच एका रविवारी गाडी जॅकवर घेतली आणि चाकाच्या मधलं टोपण काढलं. आत हबच्या, म्हणजे चाक ज्या गोल भागावर बसतं त्याच्या, भोवती फट दिसत होती. वर बारीक, खाली रुंद, अगदी चंद्रकोरीसारखी.

तिथं डोक्यात उजेड पडला. कंपनीच्या चाकाचं मधलं भोक हबवर नेमकं बसतं. सिटीचा हब 56.1 मिलिमीटर, तुझ्या पोलोचा 57.1. बाहेरचे अलॉय करणारे मात्र एकच चाक दहा गाड्यांना खपवायचं म्हणून भोक मोठं ठेवतात, माझ्याला 73.1 होतं. म्हणजे हबच्या चारी बाजूंनी साडेआठ मिलिमीटर मोकळं. चाक मध्ये आणायचं काम मग एकट्या नटांवर येतं. नटाचा शंकूसारखा उतार ते बऱ्यापैकी करतो, पण पहिला नट जोरात आवळला की चाक केसभर एका अंगाला सरकतं आणि तिथंच अडकतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूच्या आकाराच्या तुकड्यावर मधल्या भोकातूनच धरतात, म्हणून तिथं शून्य. गाडीवर त्याचं केंद्रच वेगळं. मशीन खोटं बोलत नव्हतं रे, आपणच त्याला भलता प्रश्न विचारत होतो.

उद्यमनगरात लेथवर ही फट भरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा करून घेतल्या: बाहेरून 73.1, आतून 56.1. प्लॅस्टिकच्या तयार मिळतात, त्याही चालतात, कारण गाडीचं वजन रिंगेवर नसतंच. नट आवळले की चाक हबच्या तोंडाला दाबलं जातं आणि सगळा भार त्या पकडीवर जातो. रिंग फक्त तोवर चाक मध्ये धरते. पण तू कसारा घाटात सारखा ये-जा करणार, ब्रेक तापणार. मी असतो तर धातूच्याच घेतल्या असत्या. तुझं गणित 57.1 चं. अलॉयचं भोक मात्र दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर सोडू नकोस, स्वतः व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावून मोज.

बसवताना आधी हबवरचा गंज वायर ब्रशनं काढ. चाकाच्या मागची बैठकही पूस. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तर रिंग असूनही चाक वाकडं बसतं. अ‍ॅल्युमिनियम हबला चिकटून बसू नये म्हणून रिंगेच्या आतून ग्रीसचं बोट फिरव, बोल्टांच्या आट्यांना मात्र ते लावू नकोस, टॉर्कचा, म्हणजे आवळायच्या जोराचा, हिशेब चुकतो. रिंग चाकात दाबून बसव. मग चाक हबवर सरकव. माझं 'टप्' असा आवाज करून बसलं आणि हात सोडला तरी जागचं हललं नाही. पूर्वी ते स्टडवर, म्हणजे हबातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, लोंबायचं. तुझ्या पोलोला तर स्टडही नाहीत, बोल्ट आहेत. रिंग नसेल तर एका हातानं चाक तोलत दुसऱ्या हातानं भोक शोधत बसशील.

सगळे बोल्ट हातानं लाव, हवेची गन जवळ येऊ देऊ नकोस. पाच आहेत, तेव्हा एक सोडून एक असे थोडे थोडे आवळ. टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क पाना लाव: तुझ्या गाडीला 120 न्यूटन मीटर, माझ्या सिटीला 108. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा बघ.

आणखी एक, हे मी कराडच्या पंक्चरवाल्याकडं उन्हात उभं राहून शिकलोय. आपल्या दोघांच्याही गाड्यांना कंपनीच्या नट-बोल्टांची बैठक गोल असते आणि बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा उताराची लागते. म्हणजे नवे बोल्ट घ्यावे लागतील, आणि जुने फेकायचे नाहीत. स्टेपनी लोखंडाची आहे ना? तिला ते जुनेच लागतात. पाच बोल्ट पिशवीत बांधून डिकीत टाक. पंक्चरवाल्याला रिंगेचंही सांगून ठेव, चाक काढताना ती घरंगळली की तो वॉशर समजून बाजूला टाकतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा पुण्याला गेलो. किणी गेली, नव्वद झाले, बाबा झोपले होते.

भोक मोजलंस की आकडा कळव. इथल्या लेथवाल्याकडून करून घेतो आणि एसटीच्या पार्सलनं पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या